द्विकाल शिथिलन

ग्राफाइट दिवसातून दोनदा मवाळ होतं, हा शोध लागला त्या दिवशी मॅडमनी पहिला फोन संचालकांना केला नाही, आईला केला.

"आई, अकरा वाजता आणि चार वाजता! रोज! रेघ सरळ खाली येते!"

"कुणाची रेघ?"

"ग्राफाइटच्या घर्षणाची. असं आजवर कुणी पाहिलेलं नाही. अख्ख्या जगात कुणी नाही!"

"बरं झालं," आई म्हणाल्या. चाळीस वर्षं त्यांनी कपडे शिवण्यात घालवली होती आणि ओठांत टाचण्या धरून बोलायची सवय झाल्यामुळे त्यांची वाक्यं आखूड असत. "जेवलीस का?"

मॅडम जेवल्या नव्हत्या. शोध लागलेला माणूस जेवत नाही. पण संध्याकाळपर्यंत आईंनी आपल्या इमारतीच्या चारही मजल्यांवर जाऊन सांगितलं की शिसपेन्सिलीच्या आत जे काळं असतं त्याचा शोध आपल्या मुलीने लावला. तो आधीच लागलेला आहे, असं दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी सुचवून पाहिलं. आईंनी त्यांच्या पँटची लांबी कमी करून द्यायची कबूल केली होती, ती मग महिनाभर तशीच राहिली.

मॅडमचा विभाग म्हणजे संशोधन संस्थेच्या तळमजल्यावरची एक लांबट खोली. दारावर 'ग्राफाइट विभाग' अशी पाटी आणि आत माणसं दोन, मॅडम आणि मामा. मामा प्रयोगशाळेचे सेवक. एकतीस वर्षं ते त्या खोलीत होते. खोलीच्या मधोमध एक काचेची पेटी होती. पेटीत पोलादाची चकती रात्रंदिवस फिरायची, तिच्यावर ग्राफाइटचं सुपारीएवढं बटण दाबून धरलेलं असायचं, आणि किती घासतंय याची रेघ शेजारच्या कागदाच्या गुंडाळीवर एक पेन काढत राहायचं. रेघ वर गेली तर घर्षण जास्त, खाली आली तर कमी. या बटणातून पुढे तेलाशिवाय चालणारं बेअरिंग करायचं, म्हणजे कापडाच्या किंवा पावाच्या यंत्रातून मालावर तेलाचा थेंब पडणार नाही, हे मॅडमचं पाच वर्षांचं स्वप्न होतं. ग्राफाइटचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून घसरतात, म्हणून ते स्वतःच स्वतःचं तेल असतं. हे समजावून सांगताना मॅडमच्या हातात खरंच पत्ते असत आणि ते हमखास जमिनीवर सांडत.

पहिल्या वर्षी चकतीला गंज चढला होता. तेव्हापासून मॅडमनी पेटीत ओलावा शोषणारे खडे ठेवायला सुरुवात केली. खडे निळे असले की ताजे, गुलाबी झाले की दमलेले. दमलेले खडे भट्टीत भाजून परत निळे करणं हे मामांचं काम, आणि ते मामा जीव ओतून करत. पेटीच्या तळाला अंगठा जाईल एवढं भोक होतं, त्यातून वायरी खाली उतरायच्या. खालच्या फळीवर विजेचं बटण, एक जुनी वही, किटली, आणि मामांचा चष्मा. मामा तो रोज शोधत.

आता शोधाकडे वळू. रेघ दिवसभर उंच असायची आणि अकराच्या सुमारास एकदम घसरायची. तासाभराने परत वर. चारला पुन्हा घसरगुंडी. मॅडमनी तीन महिने रेघा मोजल्या आणि सिद्धान्त मांडला की सतत घासून घासून ग्राफाइटचे थर विस्कटतात आणि ठरावीक काळाने आपोआप ओळीत येतात. याला त्यांनी नाव दिलं 'द्विकाल शिथिलन'. रविवारी रेघ घसरायची नाही. तर त्याचंही उत्तर निघालं. रविवारी इमारतीतली बाकीची यंत्रं बंद असतात, त्यामुळे जमिनीला सूक्ष्म कंप नसतो आणि थरांना ओळीत यायला जो हलकासा धक्का लागतो तो मिळत नाही. एकदा एका मंगळवारीही रेघ हलली नाही. त्या दिवशी मामा दाढ काढायला गेले होते. पण दाढेचा ग्राफाइटशी काय संबंध? मॅडमनी त्या मंगळवारी 'उपकरणदोष' असं लिहिलं आणि तो दिवस गाळला. लेख अकरा पानांचा झाला, चांगल्या नियतकालिकात छापून आला, आणि मॅडम व्हरांड्याच्या जरा मधोमध चालायला लागल्या.

हे सगळं बरं चाललं असतं, पण शेजारच्या रंग विभागाला जागा कमी पडत होती. रंग विभागाचे प्रमुख, त्यांना सगळे रंगवाले म्हणत, महिन्यातून दोनदा मोजपट्टी घेऊन येत आणि 'सहज' म्हणून मॅडमच्या खोलीची भिंत मोजून जात. शेवटी संचालकांनी मॅडमना बोलावून घेतलं.

"हे पाहा, मला दोन्ही विभाग सारखेच. पण वरून विचारणा झाली आहे. बाहेरच्या एक परीक्षक बाई येऊन तुमचं ते शिथिलन डोळ्यांनी बघणार. त्यांनी लिहून दिलं की विभाग राहील. नाहीतर खोली रंगाला, आणि तुम्ही पण रंगाला."

"मी? रंगाला?"

"भिंतीच्या रंगात काळा असतोच की. वाटेल घरच्यासारखं."

मॅडम खोलीत आल्या आणि पेटीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. पाच वर्षं ती चकती फिरत होती. रंगात गेल्या तर ती थांबणार होती आणि बेअरिंगचं स्वप्न तिच्यासोबत भंगारात जाणार होतं. पण मॅडमना भीती वाटली नाही. अकरा वाजता रेघ खाली येणार, हे त्यांना स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पक्कं ठाऊक होतं.

"मामा, येऊ देत परीक्षक. आपलं ग्राफाइट वेळेचं पक्कं आहे."

"आपली खोलीच तशी आहे मॅडम," मामा म्हणाले आणि त्यांची छाती दोन बोटं पुढे आली.

ठरलेल्या दिवशी मामा सकाळी सातलाच हजर झाले. इस्त्रीचा कोट घालून त्यांनी काचा पुसल्या, पेनात नवी शाई भरली, खडे नेहमीपेक्षा तासभर जास्त भाजून पेटीत ठेवले. साडेनऊला संचालक पाहणीला आले. सगळं आरशासारखं चकचकीत होतं. मग ते वाकले आणि त्यांना खालची फळी दिसली.

"हे काय? प्रयोगशाळा आहे की खानावळ?"

"किटली आहे साहेब. एकतीस वर्षं तिथंच आहे. दुसरीकडं विजेची जागा नाही."

"आज नको. उचला आधी. आणि परीक्षक जाईपर्यंत या खोलीत चहाचं नाव काढायचं नाही."

मामांनी किटली उचलून कपाटात ठेवली. चेहरा असा की घरातल्या वडीलधाऱ्या माणसालाच कुणी पाहुण्यांसमोर येऊ नका म्हणालं आहे. पण विभागाच्या इज्जतीचा प्रश्न होता. त्यांनी फळीवरचा गोल डागही घासून काढला.

परीक्षक पावणेअकराला आल्या. सत्तरीच्या, पांढरे केस कापलेले, हातात काठी, बोलणं मोजकं. मॅडम त्यांना बघून हरखल्याच. या बाईंनी तरुणपणी 'सोमवार-परिणाम' शोधला होता. विजेच्या मोटरमधल्या ग्राफाइटच्या तुकड्यांची झीज सोमवारी सर्वांत कमी होते, रविवारच्या विश्रांतीने ग्राफाइट ताजंतवानं होतं म्हणून. त्याबद्दल त्यांना पदक मिळालं होतं. मॅडमच्या लेखाच्या शेवटी संदर्भांची यादी होती, तिच्यात पहिलं नाव यांचंच.

"तुमचा लेख वाचला," परीक्षक म्हणाल्या. "दोनदा."

मॅडमना वाटलं, आता रंगवाल्यांनी ती मोजपट्टी खुशाल गिळावी. रंगवाले दाराशीच उभे होते. सहज.

अकराला दोन मिनिटं असताना सगळे पेटीभोवती जमले. मॅडमनी हात वर केला.

"आता बघा हं. आता."

अकरा वाजले. पेन सरळ रेघ काढत राहिलं.

"एखादं मिनिट मागेपुढे होतं," मॅडम म्हणाल्या.

अकरा वाजून पाच. रेघ खाली येण्याऐवजी करंगळीभर वर गेली.

"पाहुणे आले की लाजतं बहुतेक," संचालक म्हणाले आणि एकटेच हसले.

अकरा वाजून बारा. पेटीतून बारीक 'चीं' असा आवाज यायला लागला. पाच वर्षांत असा आवाज कधी आला नव्हता. बटणाखालून काळी भुकटी उडायला लागली आणि पुसलेल्या काचेवर आतून बसायला लागली. मॅडमनी पेन तपासलं, वायरी हलवल्या, जमिनीवर पाय आपटून सूक्ष्म कंपही देऊन पाहिला. संचालकही आपटायला लागले. रंगवाल्यांनीसुद्धा शेजारधर्म म्हणून दोनदा पाय आपटला. 'चीं'चं 'चींऽऽऽ' झालं.

"कालच्यापेक्षा आज वेगळं काय आहे?" परीक्षकांनी विचारलं.

"काही नाही," मॅडम म्हणाल्या.

"वेगळं म्हणजे सगळं चांगलंच आहे," मामा पुढे होऊन म्हणाले. "खडे बघा, निळेशार! तासभर जादा भाजलेत. कुठं धूळ नाही, डाग नाही. एवढी कोरडी ठणठणीत खोली तुम्हाला दुसरीकडं दिसणार नाही बाई."

"हं," परीक्षक म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. "माझे पाय दुखतायत. कुणी चहा देईल का?"

संचालकांनी मामांकडे पाहिलं. मामांनी छताकडे पाहिलं. उपाहारगृह बाराशिवाय उघडत नव्हतं.

"असेल तर द्या ना हो, मामा," संचालक हळूच म्हणाले.

"नाव काढायचं नाही म्हणाला होतात साहेब."

"मीच काढतोय. द्या!"

मामांनी कपाटातून किटली अशी आणली, जणू तिची बदली रद्द झाली होती. पाणी भरलं, खालच्या फळीवर तिच्या जागेवर ठेवली आणि विजेचं बटण दाबलं. त्यांनी पत्ती मोजून टाकली. चार मिनिटांनी किटली गुरगुरायला लागली, आणि अकरा वाजून सदतीस मिनिटांनी पेटीतला आवाज थांबला. पेन थरथरलं आणि रेघ सरळ खाली आली.

"आलं!" संचालक ओरडले. "आलं बघा! शिथिलन! सदतीस मिनिटं उशीर, पण आलं!" आनंदाच्या भरात त्यांनी सर्वांत जवळच्या माणसाला मिठी मारली. ते रंगवाले होते.

परीक्षकांनी पिशवीतून कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं. "म्हणजे घडतं हे. मी डोळ्यांनी पाहिलं. तसं लिहून द्यायला माझी हरकत नाही."

मॅडमही हसत होत्या. हसता हसताच त्यांची नजर खाली गेली. किटलीच्या चोचीतून वाफ निघत होती, वायरींच्या कडेकडेने वर चढत होती आणि अंगठाभर भोकातून पेटीत शिरत होती. अगदी रोजच्या वाटेने चालल्यासारखी. मामा अकराला चहा करतात. मामा चारला चहा करतात. रविवारी मामा येत नाहीत. आणि त्या मंगळवारी मामांची दाढ काढली होती.

अकरा पानं. आई. चार मजले. परीक्षकांचं पेन कागदाला टेकलं होतं. सही झाली की खोली वाचली, चकती वाचली, सगळं वाचलं. फक्त गप्प राहायचं होतं, तेही दहा-बारा सेकंद. मॅडम त्यातले तीन सेकंद गप्प राहिल्या. ते त्यांना पुढे कित्येक दिवस टोचले.

"थांबा," त्या म्हणाल्या. "लिहू नका. हे द्विकाल शिथिलन नाही. हा चहा आहे."

"चहा आहेच," संचालक घाईघाईने म्हणाले, "येतोय चहा. बाई, तुम्ही सही करा."

"साहेब, रेघ चहामुळे खाली आली! मामा, किटली उचला."

किटली उचलली. पंधरा मिनिटांत रेघ वर गेली आणि 'चीं' सुरू झालं. किटली परत ठेवली, रेघ खाली. पुन्हा उचलली, वर. तिसऱ्यांदा नुसतं पाणी उकळलं, कारण चहा आता कुणाला जात नव्हता. साडेबारा वाजता सिद्धान्तात काही शिल्लक राहिलं नव्हतं. द्विकाल कसलं, मामा म्हणतील तेव्हा ग्राफाइट मवाळ होत होतं.

"ग्राफाइटच्या थरांना घसरायला हवेतला ओलावा लागतो," मॅडम सगळ्यांकडे वळून म्हणाल्या. "अगदी कोरड्या हवेत ते चिकटतं आणि त्याची भुकटी होते. आणि पेटी कोरडी कुणी केली? मीच, खडे ठेवून. हा नवा शोध नाही. पुस्तकात आहे. चौदा वर्षं मी कॉलेजात जाऊन हे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. परीक्षेत विचारते. जे लिहीत नाहीत त्यांना नापास करते."

संचालक भोकातून खाली पडलेली भुकटी पुसलेल्याच रुमालाने कपाळ पुसत होते आणि कपाळ काळं होत होतं. रंगवाल्यांनी खिशातली मोजपट्टी चाचपली. पण मॅडमची मान काही खाली गेली नाही. बोलता बोलता त्या गुंडाळीवरचा कागद उलगडून बघायला लागल्या होत्या, आणि त्यांचा आवाज चढत गेला.

"पण हे बघा! तिसऱ्या खेपेला पेलाभरसुद्धा पाणी नव्हतं. तेवढ्या वाफेत रेघ इथपर्यंत आली. जिथं वाफ आहे, पाणी आहे, तिथं तेल धुऊन जातं आणि यंत्र अडतं. आमचं बटण तिथं चालेल. धुलाईची यंत्रं, इस्त्रीचे रूळ, पावाच्या भट्ट्या. मी पाच वर्षं त्याला कोरडं ठेवून उपाशी मारत होते, आणि हे मामा त्याला दिवसातून दोनदा जेवू घालत होते!"

मामांना पहिला अर्धा भाग कळला नव्हता. शेवटचं वाक्य कळलं. त्यांनी कोटाची बटणं नीट केली आणि किटलीचं झाकण उगाचच पुसलं.

परीक्षकांनी काठी जमिनीवर टेकली. "मी तुमचा लेख दोनदा वाचला, ते का माहितेय? पहिल्यांदा वाचला तेव्हा मला प्रश्न पडला की ग्राफाइटला रविवार कसा कळतो. दुसऱ्यांदा वाचला आणि माझी झोप उडाली. कारण ग्राफाइटला सोमवार कसा कळतो, हे मला ठाऊक आहे."

"विश्रांतीमुळे," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच सिद्ध केलंत."

"सोमवारी आमच्याकडे फरशी धूत असत. दोन बादल्या पाणी."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"नऊ वर्षांनी कळलं. फरशी धुण्याचा वार बदलून गुरुवार केला, आणि माझा परिणामही गुरुवारी गेला. तोपर्यंत पदक मिळालं होतं. ते परत कुठं द्यायचं असतं तेही मला माहीत नव्हतं." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मी आज इथं तुम्हाला सांगायला आले होते. मग वाटलं, काय गरज आहे, देऊ सही आणि जाऊ. दोघींचं झाकून राहील. तुम्ही मला तीन सेकंदांत लाजवलंत. मला मात्र एकतीस वर्षं लागली."

"एकतीस," मामा आदराने म्हणाले. "म्हणजे माझ्याइतकीच नोकरी झाली."

परीक्षकांनी पहिला कागद फाडला आणि दुसरा घेतला. त्यावर त्यांनी दोनच ओळी लिहिल्या. विभाग चालू ठेवावा. खडे काढून टाकावेत. मग सही केली, आता जाईल म्हणत आणखी एक पेला चहा मागितला, आणि रंगवाल्यांना म्हणाल्या, "तुम्ही पण घ्या. उभे राहून दमला असाल."

दोन महिन्यांनी त्याच नियतकालिकाच्या एकाच पानावर दोन पत्रं छापून आली. डावीकडे सोमवार-परिणाम मागे घेतल्याचं. उजवीकडे सुरू होऊन पुढच्या पानावर गेलेलं द्विकाल शिथिलन मागे घेतल्याचं. दुसऱ्या पत्राखाली लेखक दोन होते, आणि दुसरं नाव मामांचं, आडनावासकट. मामांनी तो अंक घरी नेला तो आठवडाभर आणलाच नाही. संचालकांनी सूचनाफलकावर लावायला मागितला तर म्हणाले, "माझा चुलतभाऊ वाचतोय. सावकाश वाचतो."

मॅडमनी मात्र फोन करायला चार दिवस लावले. परीक्षकांसमोर बोलणं सोपं होतं. आईसमोर बोलायचं म्हणजे चारही मजल्यांसमोर बोलणं होतं.

"आई, तो माझा शोध होता ना. तो चुकला होता. मी तसं छापून दिलं. आपण होऊन."

पलीकडे कात्रीचा आवाज थांबला. "चूक झाली, असं छापून आलंय?"

"हो."

"तुझं नाव नीट छापलंय?"

"नीट छापलंय. मामांचंही आहे."

"किती पानं?"

"दीड."

"आणि आधीचा शोध?"

"अकरा."

आईंनी मनातल्या मनात वजाबाकी केली असावी. मग ओठांतल्या टाचण्या काढून ठेवल्याचा आवाज आला. त्या सलग तीन वाक्यं बोलल्या, हे मॅडमना आयुष्यात प्रथमच ऐकू येत होतं.

"दहा प्रती पाठव. आधीचं ते अकरा पानांचं मी चारही मजल्यांवर वाटलं, पण पहिल्या पानापुढे कुणी गेलं नव्हतं, मीही नाही. हे दीड पान मात्र मी एकेकाच्या दारात उभी राहून वाचून दाखवणार आहे, आणि त्या दुसऱ्या मजल्यावरच्याला विचारणार आहे, तुमच्या घरात आहे का कुणी असं लिहून देणारं?"